बसणाऱ्यांसाठी केलेला दिवा

जरा बोलू का? मी या खोलीच्या छतावरून लोंबणारा काचेचा दिवा. तुम्ही मान वर करून बघितलंत तरी हरकत नाही, डोळे दिपणार नाहीत. कुणाचे डोळे दिपू नयेत यासाठीच माझा जन्म झाला, आणि नेमक्या त्याच गोष्टीत मी चुकलो. सव्वीस वर्षं टांगलेला आहे. दमलोय. माणूस दमला की निदान कुठेतरी टेकतो, मला तीही सोय नाही.

माझे श्रीमंत नातेवाईक तुम्ही पाहिले असतील. मोठ्या हॉटेलांच्या दारातली झुंबरं, लग्नाच्या हॉलमधले लखलखणारे गोळे. लोक त्यांच्याखाली उभे राहून फोटो काढतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या उजेडात लोक दुसरंच काहीतरी बघतात: सुई, अक्षर, तांदळातला खडा. ज्याच्यामुळे दिसतं त्याच्याकडे बघायचं नसतं, ही माणसांची रीतच आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझी तक्रार माझ्याच विरुद्ध आहे, आणि ती ऐकून घ्यायला इथं कुणी नाही, म्हणून तुम्हाला थांबवलं.

ही खोली म्हणजे रफूचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, जिना चढून गेलं की झोपायची खोली. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे भरदुपारीसुद्धा इथं दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. दुकान थोरलीचं. ती रफू करायची आणि तिचे यजमान कोपऱ्यातल्या टेबलावर इस्त्री करायचे. "ती जोडते, मी दाबतो. आमचा संसार असाच चाललाय," असं ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत. प्रत्येकाला वाटे की हा विनोद आपल्यासाठीच केला.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे. ठिगळ दिसतं. थोरली त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि भोकावर आधी उभे, मग आडवे, एक वर एक खाली असे विणत न्यायची. काम झालं की गिऱ्हाईक कोट दारात नेऊन उन्हाकडे धरायचं आणि विचारायचं, "भोक होतं कुठे?" थोरली म्हणायची, "विसरले बाई मी." ते ऐकून घ्यायला ती तीन-तीन दिवस एका कोटावर वाकलेली असायची.

तिला मूल नव्हतं, पण धाकटी बहीण होती. आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची, आणि थोरली नुकतीच लग्न होऊन या घरात आलेली. तिनं बहिणीला सोबत आणलं. यजमानांनी एका शब्दानं विचारलं नाही, फक्त एक ताट जास्त आणलं. धाकटी रफूच्या टेबलाखाली बसून, शिंप्याच्या खडूनं फरशीवर चित्रं काढत वाढली. पुढे शिकली आणि दिव्यांच्या कारखान्यात नवे दिवे आखायच्या कामाला लागली. तेव्हा कारखान्यात झगमगाटाची चलती होती. जो दिवा डोळ्यांत जास्त घुसेल तो जास्त चांगला, असा हिशोब.

थोरली बेचाळिशीची झाली आणि तिचे डोळे कुरकुर करायला लागले. लहानपणी झालेल्या कुठल्याशा आजारानं तिच्या बुबुळांवर व्रण राहिले होते. दिव्याचा उजेड समोरून डोळ्यांत आला की तो त्या व्रणांवर फुटायचा, समोर पांढरं धुकं पसरायचं, आणि मग कपाळात कळ. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, याला औषध नाही. एक तर काम सोडा, नाही तर उजेड बदला.

एका रविवारी धाकटी आली, तर थोरली घरात टोपी घालून बसलेली. टोपीच्या पुढच्या झापेला आणखी एक पुठ्ठा शिवलेला.

"काय गं ताई, मॅच खेळायला निघालीस?"

थोरलीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती रडत नव्हती, उजेडानं येणारं पाणी होतं ते. धाकटीचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"सोड हे काम," ती म्हणाली.

"आणि काय करू? यांची इस्त्री बघत बसू?"

"बघण्यासारखी असते," कोपऱ्यातून यजमान म्हणाले.

थोरलीनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "तू एवढी दिव्यांचं शिकलीस ना छोटे? मग मला एक दिवा करून दे. कापडाला दिसेल आणि मला दिसणार नाही, असा."

हीच माझी जन्मकुंडली. पुढे जे झालं ते सगळं या एका वाक्याचं काचकाम.

माझ्या आधी दोन भावंडं होऊन गेली. पहिला दुधी काचेचा गोळा. दिसायला गोंडस, पण पेटला की अख्खाच्या अख्खा उजळायचा. थोरली म्हणाली, "आधी लिंबाएवढा बल्ब डोळ्यांत जात होता, आता कलिंगड जातंय." दुसरा पत्र्याच्या टोपीचा. त्याचा उजेड टेबलावर कडक गोल पडायचा आणि बाकीची खोली काळोखात बुडायची. सुईवरून नजर उचलली की काळोख, परत खाली नेली की लख्ख. तासाभरात थोरलीचं कपाळ ठणकलं आणि दुसऱ्याची रवानगी जिन्याखाली झाली.

धाकटी हट्टाला पेटली. सुट्टीच्या दिवशी ती काच फुंकणाऱ्या भट्टीवाल्या काकांकडे जाऊन बसू लागली. काकांचं आयुष्य लोखंडी नळीच्या एका टोकाला गेलेलं, गाल फुग्यासारखे आणि जीभ तिखट.

"बाई, लोक दिवा दिसावा म्हणून धडपडतात," ते म्हणाले. "तुम्ही तो लपवायला निघालात. मग लावा एक मेणबत्ती आणि ठेवा कपाटात."

"काका, काच गळ्याशी जाड हवी आणि ओठाशी पातळ. जमेल?"

"जमेल. पण नऊ फुटतील."

अकरा फुटले. मी बारावा. वर अरुंद गळा, खाली पसरलेलं तोंड, साधारण बुडाशी कापलेल्या दुधीभोपळ्याच्या आकाराचा. बल्ब पार वर, गळ्यात दडलेला. तिथं काच जाड आणि दुधी, म्हणून बाहेरून तो कळतसुद्धा नाही. खाली येता येता काच पातळ होत जाते, त्यामुळे माझं अंग मंद उजळतं आणि आजूबाजूची खोली काळोखात पडत नाही. तोंडाची आतली कड वाळूच्या माऱ्यानं खरखरीत केलेली, म्हणजे तिथंही चकाकी नको. काकांनी मला गार झाल्यावर उलटसुलट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आहे बुवा गुणाचं. तोंड न दाखवता काम करेल."

नुसता दिवा करून भागत नाही. तो कुठे टांगायचा यावर त्याचं शील ठरतं. धाकटीची मोजायची पद्धत तिची स्वतःची होती. थोरलीला कामाच्या स्टुलावर बसवायचं. मग रफूचा एक लांब धागा घ्यायचा, एक टोक बल्बाशी धरायचं आणि दुसरं ताणून थोरलीच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी आणायचं. धागा माझ्या ओठाला अडून वाकला, म्हणजे बल्ब डोळ्यांआड आहे. सुतासारखा सरळ गेला, म्हणजे बल्ब दिसतोय. धागा सरळ गेला की मला दोन बोटं खाली घ्यायचं आणि परत ताणायचा. सहा वेळा हे झालं. शेवटी तिनं माझ्या वायरला गाठ मारली आणि यजमानांना बजावलं, "भावोजी, याला वरखाली एक बोटभरही करायचं नाही."

"मेहुणीबाई, मी माझ्या बायकोला हात लावताना विचारतो, तुमच्या दिव्याला कशाला लावू?"

एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. पुढचा महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती, किंवा तिच्या सांगण्यावरून यजमान, स्टुलावर बसवायचे. उंच माणसं, बुटकी माणसं, चष्म्याची, बिनचष्म्याची.

"बसा. बल्ब दिसतो का?"

"नाही."

"वाका जरा. आता?"

"नाही हो. माझा कोट कधी मिळेल तेवढं सांगा."

सगळ्यांना बसवून बघितलं. कुणाला झोपवून बघितलं नाही. रफूच्या दुकानात झोपतं कोण?

पहिल्या दिवशी थोरलीनं मुद्दाम काळा कोट घेतला आणि काळा धागा. टोपी खुंटीला अडकवली. दुपार गेली, संध्याकाळ झाली, तिनं एकदाही कपाळ चोळलं नाही. धाकटी समोर बसून तेवढंच बघत होती.

"कसा आहे?" तिनं अखेर विचारलं.

"बरा आहे," थोरली म्हणाली. तिच्या तोंडचं 'बरा' म्हणजे इतरांच्या तोंडचा जयजयकार. धाकटी मागे स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मला ते दिसलं नाही, पण परत आली तेव्हा तिचं नाक लाल होतं, आणि माझ्या उजेडात नाक कितपत लाल आहे ते अगदी बरोबर कळतं.

पुढची कितीतरी वर्षं सुखाची गेली. थोरलीचे हात माझ्याखाली चालत राहिले. सकाळी यजमान बटण दाबत, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं माझं अंग पुसत, बल्ब गेला की बदलत. सुखाबद्दल सांगण्यासारखं जास्त नसतं.

धाकटीचं मात्र नाव झालं. कारखान्याच्या मालकांनी एकदा मला पाहिलं आणि माझ्यासारखे हजारो काढले. 'डोळ्यांना न टोचणारा दिवा' अशी जाहिरात झाली. माझी भावंडं शाळांत गेली, वाचनालयांत गेली, दवाखान्यांच्या वॉर्डांत गेली. धाकटीला भाषणाला बोलावू लागले. प्रत्येक भाषणात ती सांगायची, हा दिवा मी माझ्या ताईसाठी केला. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला, थोरली खाली, मी वर. भाषणात ताई रोज यायची, ताईकडे मात्र धाकटी वर्षातून दोनदा यायची, तीही दारातूनच सांगत, "दहा मिनिटंच आहेत हं माझ्याकडे." थोरली म्हणायची, "बस की मग दहा मिनिटं." धाकटी परतली की थोरली तो फोटो काढून बघायची. यजमान म्हणायचे, "फोटोत मी नाहीच." थोरली म्हणायची, "तुम्ही इस्त्री करत होता."

दोन वर्षांपूर्वी थोरली जिन्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणलं. जिना चढायची बात संपली, म्हणून पलंग खाली दुकानात आणला. खोली एवढीशी. एका कोपऱ्यात इस्त्री, दुसरीकडे दार. पलंग मावला तो माझ्या बरोबर खाली. रफूचं टेबल भिंतीला सरकवलं. यजमान ते उचलून मागे ठेवायला निघाले, तर थोरलीनं अडवलं. "असू द्या. तीन महिन्यांत उठतेय मी. सहा कोट पडलेत."

मग यजमानांनी माझं बटण दाबलं.

मी बसणाऱ्यांसाठी केलेला दिवा. माझं तोंड खाली उघडं. बाजूनं बघणाऱ्याला मी कसा निर्मळ, सालस. पण पाठीवर पडलेल्या माणसानं वर पाहिलं तर गळ्यात लपवलेला बल्ब सरळ, विनाअडथळा डोळ्यांत. इतकी वर्षं ज्या डोळ्यांना जपलं, त्यांच्यातच मी घुसलो. कुंपणानंच शेत खावं तसं झालं. थोरलीनं डोळे घट्ट मिटले आणि हात कपाळावर आडवा घेतला.

"दिवा मालवा," ती म्हणाली.

"अगं, भरदिवसा अंधारात का पडायचं? डॉक्टर काय म्हणाले, पेशंटला प्रसन्न ठेवा." आणि त्यांनी मला चालूच ठेवलं. प्रेमानं ठेवलं. त्यांना इस्त्रीलाही उजेड हवा होता, पण ते कारण नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

एक वाक्य बोलायचं होतं तिनं. हा दिवा डोळ्यांत येतो, बस. ती बोलली नाही. कधी हात, कधी रुमाल, कधी भिंतीकडे तोंड. दिवसभर मी तिच्यावर तळपायचो आणि ती माझ्यापासून तोंड लपवायची. मला स्वतःला विझता येत नाही. येत असतं तर त्या चार महिन्यांत मी कायमचा विझलो असतो.

ताई पडल्याची बातमी कळताच धाकटी आली होती, आणि आता दर रविवारी यायला लागली. दहा मिनिटांची भाषा संपली होती. सकाळच्या बसनं यायची, संध्याकाळी जायची. आली की सवयीनं जुन्या स्टुलावर बसायची, एकदा माझ्याकडे नजर टाकायची, सगळं ठीक आहे असं मनाशी मांडायची आणि बोलायला लागायची. थोरली भिंतीकडे तोंड करून ऐकायची. उत्तरं द्यायची, पण डोळे मिटून. दोन शब्दांची उत्तरं.

"जेवलीस का?"

"हो."

"दुखतंय का फार?"

"नाही."

धाकटीच्या मनात आधीच चोर होता. इतकी वर्षं आपण आलो नाही, हे तिला आतून खात होतं. मग बहिणीनं तोंड फिरवलं याचा अर्थ तिनं तोच लावला जो लावायची तिला भीती होती. यजमानांचा अर्थ वेगळा. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "तिचं मनच उडालंय. उजेडसुद्धा नकोसा झालाय." शेजारी मान हलवायचे. माणसं दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला एवढी उत्सुक असतात की त्याच्या डोळ्यांसमोर काय आहे ते बघायचं राहून जातं.

चौथा महिना सरता सरता एका रविवारी धाकटी यजमानांना म्हणाली, "भावोजी, मी पुढच्या रविवारी येत नाही."

"का हो?"

"तिला माझं तोंड बघायची इच्छा नाही. मी आले की तिला त्रासच होतो. कशाला उगाच?"

यजमानांच्या हातात गरम इस्त्री होती. ती उभी करून ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. "तसं नसेल हो," एवढंच म्हणाले. माझ्या छातीत धस्स झालं. छाती नाही मला, पण जे काही झालं ते तिथेच झालं असतं. थोरली त्या वेळी मागे होती. व्यायाम करून घेणाऱ्या बाई आल्या होत्या, त्या तिला कुबड्यांवर हळूहळू मागच्या खोलीत घेऊन गेल्या होत्या. यजमान इस्त्री बंद करून त्यांच्या मदतीला गेले.

जायच्या आधी शेवटचं काहीतरी करावं म्हणून धाकटीनं पलंगावरची चादर बदलायला घेतली. भिंतीकडचं टोक खोचायला गुडघा टेकवून वाकली आणि तिच्या पाठीत उसण भरली. पन्नाशी तिचीही उलटली होती. "आई गं," म्हणत ती तिथेच आडवी झाली, पाठीवर, डोकं थोरलीच्या उशीवर.

आणि तिनं मला खालून पाहिलं.

चोवीस वर्षांत पहिल्यांदाच. तिचा हात आपोआप वर गेला आणि कपाळावर आडवा पडला, थोरलीसारखाच. बराच वेळ ती तशीच पडून राहिली. मग उठली, पाठ धरत स्टुलावर जाऊन बसली, माझ्याकडे पाहिलं. बल्ब दिसत नव्हता. परत पलंगावर जाऊन पडली. दिसत होता. परत स्टूल. परत पलंग. तिसऱ्यांदा आडवी झाली तेव्हा तिला थोरलीनं शिवलेली ती पुठ्ठ्याची टोपी आठवली असणार, कारण ती पुटपुटली, "काय केलंस हे छोटे." तिला छोटी म्हणणारं माणूस एकच होतं. मग ती उठली आणि तिनं मला मालवलं.

थोरलीला घेऊन सगळे परत आले तेव्हा खोलीत मागच्या दाराचा तेवढा उजेड होता. व्यायामाच्या बाई तिला पलंगावर नीट निजवून गेल्या. यजमान बटणाकडे वळले, तर धाकटीनं त्यांचा हात धरला.

"ताई, बल्ब तुझ्या डोळ्यांत येतो."

थोरलीनं उशीवर मान सरळ केली.

"कधीपासून?"

"झोपल्यापासून."

"चार महिने? आणि तू गप्प?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काढला असता. त्याच दिवशी."

"हं. दिवा काढला की टेबल काढणार. टेबल गेलं की ही आजाऱ्याची खोली." थोरली छताकडे बघत, सावकाश बोलत होती. "आत्ता मी दुकानात पडलेय. एवढंच झालंय मला, असं मी धरून होते."

यजमान इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो इस्त्री केलेला होता, तसाच घडीचा नाकाला लावला.

"आणि मला वाटलं तू माझ्यावर रागावलीस," धाकटी म्हणाली.

"रागावलेच होते. वीस वर्षं रागावलेय. पण त्यासाठी तोंड कशाला फिरवू? तोंडावर सांगितलं असतं."

धाकटी पलंगाच्या कडेला बसली. "मी नवा करते ताई. पडल्यापडल्या रफू करता येईल असा दिवा करते. मला दोन महिने दे."

"पडून रफू होत नाही गं. कापडाला मांडी लागते." थोरलीनं हातानं आपल्या पायावरची चादर सारखी केली. "आज त्या बाईंना म्हटलं, मला मागच्या स्टुलावर बसवून बघा. शंभर आकडे मोजीपर्यंतसुद्धा बसता आलं नाही."

मागे नळाचं पाणी भांड्यात पडत होतं, ते बंद करायलाही कुणी उठलं नाही.

मग धाकटी, सवयच तिची, माझ्याकडे बघून मोठ्यानं विचार करायला लागली. "हा उलटा टांगला तर? तोंड वर. उजेड छतावर जाईल आणि तिथून खाली झिरपेल. गळ्याची जाड काच तुझ्या बाजूला येईल, बल्ब दिसणार नाही." ती थांबली. "पण मग टेबलावर उजेड पडणार नाही. सुई दिसणार नाही खाली."

थोरलीनं मान वळवून भिंतीकडच्या टेबलाकडे पाहिलं. त्यावर सहा कोट होते, एकावर एक, चार महिने. मी तिचे हात चोवीस वर्षं पाहिले होते. त्या क्षणी ते चादरीवर नुसते पडलेले होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

"कर उलटा," ती म्हणाली.

तासभर लागला. मेन स्विच बंद करून धाकटी शिडीवर चढली, पाठीत उसण घेऊन. यजमानांनी शिडी धरली. तिनं वायरची गाठ सोडली, मला उतरवलं, होल्डर काढून वायर तोंडाकडून आत घेतली, गळ्याच्या जुन्या भोकाला लाकडी बूच बसवलं आणि माझ्या ओठाला तीन दोऱ्या बांधून मला उलटा टांगला. यजमान खालून म्हणाले, "मेहुणीबाई, एक बोटभर वरखाली चालेल का आता?" ती हसली नाही.

स्विच लागला. उजेड छतावर गेला आणि सगळ्या खोलीत सारखा, मऊ होऊन उतरला. सावल्या गेल्या. भिंतीकडचं टेबल मंदावलं, त्यावरच्या काळ्या कोटाचा धागा आता कुणालाही दिसला नसता. आणि थोरलीनं सवयीनं कपाळावर घेतलेला हात काढला, डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं. मी तिला चार महिने छळलं होतं, पण तिच्या नजरेत राग नव्हता. मग तिनं बहिणीकडे पाहिलं, आणि बघतच राहिली.

"ये इकडे," ती म्हणाली. "जवळ ये. केवढी म्हातारी झालीस गं."

"तू बघितलंसच कुठे मला इतके दिवस," धाकटी म्हणाली, आणि आता मात्र तिला आवरेना.

थोरलीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. थोड्या वेळानं तिच्या केसांवरून हात फिरवता फिरवता यजमानांना म्हणाली, "ऐकलंत का. ते कोट ज्याचे त्याला परत करा. टेबल काढा तिथून. तिथं हिची खुर्ची ठेवा."

यजमानांनी त्याच संध्याकाळी टेबल काढलं.

त्यानंतर थोरली सात महिने होती. धाकटीनं मोठी रजा काढली आणि त्या खुर्चीवर बसली. दोघी भांडल्या, पोट धरून हसल्या, वीस वर्षांचा राग थोरलीनं खरंच तोंडावर सांगितला. मध्येच एकदा धाकटी म्हणाली, "ताई, दवाखान्यांच्या वॉर्डांत आपले दिवे लागलेत. शेकड्यांनी." थोरली म्हणाली, "मग इथं काय करतेस? जा, झोपून ये तिथं." आणि धाकटी खरंच गेली. एकेका वॉर्डात रिकाम्या खाटेवर पाठ टेकून वर बघून आली. नर्सेस हसल्या म्हणे. तिथले माझे बरेच भाऊ आता माझ्यासारखे उलटे टांगलेत, बाकीच्यांचं काम चालू आहे.

थोरली गेली ती दुपारी, डोळे उघडे ठेवून, खुर्चीकडे तोंड करून.

आता माझ्याखालच्या पलंगावर यजमान पडतात. जिना त्यांनाही झेपत नाही. इस्त्री बंद आहे. दुकानाची पाटी आहे, कुणी कोट घेऊन आलंच तर ते पडल्यापडल्या सांगतात, ती करायची, मी नुसता दाबायचो. धाकटी येते, चहा करते, त्यांच्याशी बोलत बसते. माझ्याबद्दल ती आता भाषणं देत नाही.

तुमच्याकडे मागायचं ते एवढंच. दिवा लावलात की एकदा तो ज्याच्यासाठी लावलाय त्याच्या जागी जाऊन बघा. तो बसला असेल तर बसा, पडला असेल तर पडा. मला घडवणारी बाई हुशार होती, प्रेमळ होती, धागा लावून मोजणारी होती, तरी तिच्या हातून हे राहून गेलं. आपलं माणूस तोंड फिरवून पडलं असेल, तर मनाला लावून घ्यायच्या आधी त्याच्या उशीवर डोकं टेकून बघा.

आणि जाता जाता जमलं तर माझं एक काम करा. तोंड वर असल्यामुळे माझ्या पोटात धूळ साचते, मेलेली चिलटं साचतात. उजेड मंद झालाय. यजमानांचे हात आता एवढे वर पोचत नाहीत आणि ते कुणाला सांगतही नाहीत. मला उतरवून आतून एकदा पुसा. पुसून झालं की तसाच, तोंड वर करून टांगा. खाली ते पडलेले असतात.